द्वादशीचा डबा

दादाचा फोन आला तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. दुकानात मी एकटाच एका ब्लाउजची बाही उसवत बसलो होतो. कात्रीशेजारी स्टीलचा डबा होता, आणि त्यात दवाखान्यात जायच्या आधी वहिनीनं करून ठेवलेल्या ओट्स-चॉकलेटच्या वड्या. त्यातली एक नुकतीच तोंडात टाकली होती. दादा म्हणाला, "गेली रे ललिता." मला काही बोलता येईना. घास मोठा होता, थुंकवत नव्हता आणि गिळवतही नव्हता. पलीकडे दादाला वाटलं मी रडतोय. ज्याची बायको गेली तोच मला समजावत राहिला, "असू दे, सुम्ने बस थोडा वेळ, मग ये." सुम्ने म्हणजे गप्प. आमच्या म्हैसूरच्या मराठीत अर्धे शब्द असे कन्नडातून येतात. मी गप्प बसलो आणि घास गिळला. खरं सांगतो, तो गोड लागला. खालचा थर खुसखुशीत होता, मधलं चॉकलेट मऊ होतं, माणूस गेल्याचं कानांना कळलं होतं आणि जिभेला त्याचं काही नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लाज अजून गेलेली नाही.

ललितावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई गेल्यानंतर जो काही घास पोटात गेला तो तिच्या हातचा. आमचं घर चामराजपुरममध्ये, पुढे शिवणकामाचं दुकान आणि मागे राहणं. आम्ही शिंपी, विठ्ठलाचे भक्त, गळ्यात तुळशीची माळ. कोणत्या पणजोबांनी इकडे बिऱ्हाड आणलं ते नीटसं कोणाला ठाऊक नाही. घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की कन्नड. आमच्या भजनी मंडळातल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. अभंगांची पुस्तकंसुद्धा कन्नड लिपीत छापलेली असतात. मी हट्टानं ही लिपी शिकलो, म्हणून हे लिहू शकतो, आणि म्हणूनच निर्धास्त लिहू शकतो. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्यापैकी कोणी हे वाचणार नाही. यात अभिमान वाटावा असं काही नाही.

वहिनी मात्र आमच्यातली नव्हती. ती तलकाडची, कन्नड घरातली. दादा तिथे एका लग्नघरी कपडे शिवायला गेला आणि मन तिथेच ठेवून आला. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लग्नाला नाही म्हटलं नाही, पण ती आल्यावर तिच्या हातचं शिजवलेलं खाल्लंही नाही. स्वतःचा भात स्वतः शिजवायचे. ती काही बोलायची नाही. तांदूळ निवडून, पाणी भरून, चूल तयार ठेवून बाजूला व्हायची. मंडळाच्या विठोबाच्या देवळाबाहेर उभं राहून ऐकून ऐकून तिनं अभंग पाठ केले, त्यातूनच मराठी शिकली, त्यामुळे सुरुवातीला ती कोथिंबीर मागायलासुद्धा संतांच्या भाषेत मागायची आणि आम्ही हसायचो. मग कधीतरी अप्पांच्या लक्षात आलं की ही कोणी न सांगता एकादशी धरते, आणि तीही आमच्या पद्धतीनं. तिच्या माहेरी एकादशीला उप्पीट चालायचं, आमच्याकडे साबुदाणा नि राजगिरा सोडून काही नाही. तिनं ते सगळं मुकाट्यानं उचललं होतं. एका द्वादशीला सकाळी अप्पा पाटावर बसले आणि म्हणाले, "आज पारणं तू वाढ." एकादशीचा उपवास द्वादशीला सोडतात, त्याला पारणं म्हणतात. तेव्हापासून अप्पांचं पारणं तिच्याच हातचं झालं. पण मंडळातल्या बायकांचं काही पारणं झालं नाही. त्यांच्या लेखी ती बाहेरचीच राहिली.

वड्यांचं प्रकरण बऱ्याच वर्षांनी सुरू झालं. म्हैसूरच्याच विजयनगर भागात आमच्या एक गिऱ्हाईक बाई होत्या, घरीच केक-बिस्किटांचे वर्ग घ्यायच्या. वहिनी त्यांचे ब्लाउज पोचवायला गेली आणि दुपारभर तिथेच बसून राहिली. परत आली ती डोळ्यांत वेगळंच काही घेऊन. म्हणाली, भावजी, तीन थरांची मिठाई असते, खाली-वर ओट्स, मध्ये चॉकलेट, आणि भट्टीत घालतात. आम्ही शिंपी लोक, आम्हाला थर म्हटलं की अस्तर आठवतं. तिलाही तेच आठवलं असणार, कारण पुढे ती खालच्या थराला अस्तरच म्हणायची. अस्तर नीट बसलं नाही तर वरचं कितीही चांगलं असो, अंगावर बसत नाही, असं आम्ही दुकानात म्हणतो. तेच ती ट्रेपुढे म्हणायची.

ओव्हन आला तो ठेवायला जागा नव्हती. जुन्या शिवणयंत्राचा लोखंडी पाय आणि लाकडी फळी माळ्यावर पडून होती, त्यावर तो बसवला. ओट्स ती आधी कोरडे भाजून घ्यायची, घरभर खमंग वास सुटायचा. निम्मे मिक्सरमधून जाडसर काढायची, निम्मे तसेच ठेवायची. त्यात थोडी कणीक, गुळाची पूड आणि वितळलेलं लोणी घालून हातानं चोळायची. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं की फुटावा, इतपत. त्यातलं अर्ध्याहून जास्त ट्रेमध्ये घालून वाटीच्या बुडानं दाबत जायची, कोपऱ्यांत जास्त. मग आटवलेल्या दुधात चॉकलेट मंद आचेवर विरघळवून ते ओतायचं, आणि उरलेला ओट्सचा चुरा वर भुरभुरायचा. तो दाबायचा नाही. मी एकदा मदत म्हणून दाबला तर तिनं माझ्या हातावर उलथनं मारलं. भाजून झालं की सगळ्यात कठीण काम, ट्रे पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मी अधीर माणूस. मी ओव्हनभोवती घिरट्या घालायचो आणि ती म्हणायची, गरम कापलं तर चॉकलेट पळून जातं. गार झाल्यावर दुकानातली लोखंडी पट्टी धुऊन आणायची आणि ती ठेवून सरळ रेषेत वड्या कापायची. कडेचं जे निघायचं त्याला आम्ही कातरण म्हणायचो. कातरण माझं.

अंडं नाही, वड्या टिकतात, तोंडाला चव आणतात. अप्पांनाही आवडल्या. आणि मग आली ती आषाढातली एकादशी. त्या दिवशी देवळात दिवसभर भजन असतं आणि मध्ये फराळ वाटतात. प्रत्येक घरचं काही ना काही असतं. वहिनीनं इतक्या वर्षांत कधी काही नेलं नव्हतं, कारण कोणी आण म्हटलंच नव्हतं. त्या वर्षी तिच्या मनात आलं की आपल्या वड्या न्याव्यात. आता सांगतो तर हसू येतं. तिनं काय काय काळजी घेतली म्हणता! कणीक काढून राजगिऱ्याचं पीठ घातलं. चॉकलेटच्या वेष्टनावर हिरवा ठिपका आहे की नाही ते दोनदा पाहिलं. वासाचा अर्क, म्हणजे इसेन्स, घातला नाही, त्यात दारू असते असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. लोण्याचं भांडं वेगळं घासलं. ओट्सकडे मात्र तिचं लक्षच गेलं नाही. दिव्याखाली अंधार. तांदूळ नाही, गहू नाही, ज्वारी नाही; परदेशातून पाकिटात येतं ते धान्य कसं असेल? राजगिऱ्यासारखं काहीतरी बी असणार, असं तिनं धरलं, आणि आम्हीही धरलं. सकाळी अप्पा देवळात निघताना स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, हे काय असतं गं. तिनं सांगितलं, बी आहे अप्पा. अप्पा मान हलवून पिशवी घेऊन गेले. मी तिथे कातरण खात उभा होतो, मी ऐकलं. अप्पांना ओट्सबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

देवळात वीणा अप्पांच्या गळ्यात असायची. ज्याच्या गळ्यात वीणा तो मधोमध उभा राहतो, त्याच्या मागे बाकीचे म्हणतात. तो मान इतका मोठा की लहानपणी आम्हाला वाटायचं, विठोबाच्या खालोखाल अप्पाच. फराळाच्या वेळी वहिनीचा डबा उघडला, वड्या फिरल्या. बायकांनीही घेतल्या, एकीनं तर कृती विचारली. वहिनी खांबाला धरून उभी होती, आणि तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. तेवढ्यात पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक तरुण, बिचारा भाविक, दर एकादशीला यायचा, त्यानं वडी हातात उलटीपालटी करून विचारलं, "यात ओट्स आहेत ना? ओट्स धान्य असतं. आमच्याकडे उपवासाला नाही चालत." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मंडपात सगळ्यांचे हात वड्यांसकट थांबले.

पहिला आवाज उठला तो दत्तोबामामांचा. दत्तोबामामा अप्पांचे बालमित्र, कोपऱ्यावर त्यांचं किराण्याचं दुकान. साऱ्या मंडळाचा उपवासाचा जिन्नस त्यांच्याकडून यायचा, आणि दत्तोबानं दिलं म्हणजे ते उपवासाचंच, असा त्यांचा लौकिक. ते म्हणाले, कोणी केलं हे. झालं. कोणी बाहेर जाऊन चुळा भरायला लागलं, कोणी बोट घशात घातलं. बायकांमधून कुजबुज उठली, आणि ती कन्नडमध्ये होती, म्हणजे वहिनीला एकेक अक्षर कळावं अशी. बाहेरची ती बाहेरचीच. आज धान्य घातलं, उद्या अंडं घालेल. मुद्दामच केलं नसेल कशावरून? वहिनी खांबाला धरून तशीच उभी. दादा खाली मान घालून बसला होता, मीही. अप्पांनी वीणा छातीशी धरली होती. त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी ठाऊक असून खाल्लो, आणि तुम्हाला खाऊ दिलो."

माळकरी माणूस, जन्मात खोटं न बोललेला, विठोबापुढे उभा राहून खोटं बोलला. आणि असं खोटं की ज्यानं वहिनी सुटली आणि ते स्वतः अडकले. एका सुनेची चूक मंडळानं कधीतरी पोटात घातली असती, पण वीणेकऱ्यानं जाणूनबुजून सगळ्यांची एकादशी मोडली हे कोण पोटात घालणार? कोणी अप्पांना बोललं नाही. बोलण्यापेक्षा ते वाईट होतं. अप्पांनीच वीणा गळ्यातून काढली आणि दत्तोबामामांच्या गळ्यात घातली. वीणा देताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, तशी रीत आहे. अप्पा पाया पडून उठले. दत्तोबामामा वाकले ते इतका वेळ वाकूनच राहिले, की मला वाटलं त्यांची कंबर धरली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मी पुढे वहिनीला चेष्टेनं म्हणालो, तिचं मन हलकं व्हावं म्हणून. ते झालं नाही. तिनं ओव्हनवर चादर टाकली. दुसऱ्याच दिवशी ती देवळात जाऊन सगळं खरं सांगायला निघाली होती, पायांत चपला घातल्या होत्या. अप्पांनी तिला दारात थांबवलं. जे म्हणाले ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. "एकादशी मोडली, ती पुढच्या वेळी परत येते. तू जाऊन सांगितलीस तर मी देवळात खोटं बोललो असं होईल. ते परत कसं आणू?" खरं सांगितलं तर सासरा खोटारडा ठरतो, गप्प बसलं तर उपवास मोडणारा. वहिनीनं चपला काढल्या. त्यानंतर ती देवळात जायची, पण मंडपात पाऊल टाकायची नाही. बाहेर पाय धुवायच्या नळाजवळ उभी राहून भजन ऐकायची, लग्न होऊन आली तेव्हा उभी राहायची तशीच. अप्पा आत, पण मागच्या भिंतीशी, हातात साधे टाळ. मी त्या काळात देवळात जायचं टाळू लागलो. मला अप्पांची लाज वाटायची, आणि अप्पांची लाज वाटते म्हणून माझी.

काही महिने असे गेले. मग एका एकादशीच्या संध्याकाळी अप्पांनी स्वतः ओव्हनवरची चादर काढली, घडी घातली आणि वहिनीला म्हणाले, उद्याचं पारणं या तिमजलीनं करणार. वड्यांना त्यांनी ठेवलेलं हे नाव. वहिनी नको नको म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, द्वादशीला धान्य खायचंच असतं, मग हे का नको? तेव्हापासून दर द्वादशीला पहाटे आमच्या घरात ओट्स भाजल्याचा वास यायचा. अप्पा आंघोळ करून पाटावर बसायचे, तुळशीपत्र तोंडात घालायचे आणि मग वडीचा तुकडा. थोड्याच दिवसांत वहिनीनं डबे भरायला सुरुवात केली. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी तिची वडी खाल्ली होती त्या प्रत्येक घरी द्वादशीचा डबा. मला राग यायचा. ज्यांनी तुझ्या वडीवर चुळा भरल्या त्यांना काय डबे पाठवतेस? ती म्हणायची, त्यांचा एक उपवास मी मोडला ना, आता पारणी माझ्याकडून. ती हे गंभीरपणे म्हणायची. आणि लोक घ्यायचे बरं का! कृती विचारणारी ती बाई तर डबा यायला उशीर झाला की निरोप पाठवायची. मंडळाची जीभ आणि मंडळाचा धर्म यांची कधी गाठ पडली असेल असं मला वाटत नाही. डबे पोचवायचं काम माझं. पहिला डबा दत्तोबामामांचा, हा तिचा दंडक होता. त्यांचा डबा कधी रिकामा परत यायचा नाही, आत खडीसाखर असायची.

अप्पा गेले तेव्हा दत्तोबामामांनी रात्रंदिवस वीणा खाली ठेवली नाही. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. अप्पांच्या मागे उपवास मोडणारा हे नाव तसंच राहिलं. आता तरी सांगू या, असं मी वहिनीला म्हणालो. ती म्हणाली, मेलेल्या माणसाला खोटारडा ठरवायचं का, भावजी? आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. मी दोन जेवणं घरी जेवलो नाही. तिनं डबा दुकानात आणून ठेवला आणि काही न बोलता गेली. भूक लागलेल्या माणसानं रागवू नये, फजिती होते.

दवाखान्यात तिला शेवटचं भेटलो तेव्हा दुपार होती. हृदय थकलंय, असं डॉक्टर सांगत होते. दादा औषधं आणायला खाली गेला होता. वहिनी म्हणाली, द्वादशी आली, डबे चुकतील. मी म्हटलं, चुकू देत, लोक काही उपाशी मरत नाहीत. ती थोडी हसली. मग म्हणाली, दत्तोबामामांचा तरी चुकवू नका. मी विचारलं, त्यांचंच एवढं काय? तिनं दादा आला नाही ना ते दाराकडे पाहून घेतलं आणि सांगितलं. त्या एकादशीला सकाळी अप्पा घरातून निघाले ते थेट देवळात गेले नव्हते. वाटेत दत्तोबामामांच्या दुकानात थांबले. ओट्सचं पाकीट तिथूनच आलेलं. अप्पांनी त्यांना विचारलं, हे उपवासाला चालतं काय? मामांनी सांगितलं, चालतं. अप्पांनी शेवटच्या दुखण्यात हे तिला सांगितलं होतं, आणि कोणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. देवळात त्यांनी दत्तोबाचं नाव घेतलं असतं तर त्या दुकानातून पुन्हा कोणी उपवासाचा जिन्नस नेला नसता. म्हणजे अप्पांनी एका खोट्यात दोघांना झाकलं होतं.

माझं डोकंच फिरलं. ज्यानं चालतं म्हणून सांगितलं त्यानंच देवळात पहिला आवाज काढला, त्यानंच वीणा घेतली, आणि ही बाई जन्मभर नळाजवळ उभी! मी उठलोच. त्यांच्या दुकानात जाऊन विचारतो म्हणालो. वहिनीनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर नव्हता, पण मी थांबलो. "साकु, भावजी," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. "मला माहीत आहे म्हणून त्यांना कधी सांगू नका. मी एवढी वर्षं लाजून काढली. ती चांगली गोष्ट नाही. ती आणखी कोणाला कशाला द्यायची?" मी शब्द दिला. देताना मनात म्हणत होतो, हिला बरं वाटू दे, मग बघतो त्या म्हाताऱ्याकडे. तिला बरं वाटलं नाही.

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या द्वादशीला मी ओव्हन लावला. दादाला झोप नव्हती आणि मला काम हवं होतं. इतकी वर्षं शेजारी उभा राहून पाहिलं होतं, वाटलं होतं सोपं आहे. ओट्स एका बाजूला करपले, अस्तर कोपऱ्यात दाबायचं राहिलं, चॉकलेट खाली झिरपलं. ट्रे काढून ठेवला तोच मागच्या दारात दत्तोबामामा उभे. आता खूप थकलेत, काठी टेकत आले होते. हातात वहिनीचा शेवटचा डबा, धुऊन पुसून, आत खडीसाखर. ते तिच्या पाटावर बसले आणि ओव्हनकडे पाहत म्हणाले, वास आला रस्त्यावर. मला क्षणभर वाटलं… म्हणून आलो. त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं.

मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मनात धरून ठेवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत ते स्वतःच बोलायला लागले. खाली बघून, तुटक तुटक. त्या दिवशी अप्पा दुकानात आले होते, विचारत होते, समोर गिऱ्हाईक उभं होतं, मी न बघता चालतं की म्हणालो. देवळात तो पोरगा बोलला आणि मला घाम फुटला. नाव माझं येणार म्हणून मीच आधी ओरडलो. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतात. सांगितले नाहीत. दर द्वादशीला ठरवायचो, आज जाऊन तिच्या पाया पडतो. तेवढ्यात डबा यायचा. तिच्या हातचं खाल्लं की तोंड उघडायला धीर व्हायचा नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. इतकी वर्षं माझ्या घशात ते खवखवतंय. असं सगळं ते सांगत होते.

मला बरं वाटायला हवं होतं. ज्याला पकडायचं होतं तो आपण होऊन समोर येऊन बसला होता. पण म्हातारं माणूस असं बोलताना पाहणं फार अवघड असतं. मी ट्रेकडे पाहत राहिलो. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तिला हे ठाऊक नव्हतं ना रे, नारू?"

एका शब्दात मी अप्पांचं नाव साफ करू शकलो असतो. होतं म्हणालो असतो तर मामांना कळलं असतं की प्रत्येक डबा कोणत्या मनानं आला. त्यांनी वीणा उतरवली असती, मंडपात उभं राहून सांगितलंही असतं, एवढं माझं त्यांच्याबद्दल मत आहे. वहिनीला दिलेला शब्द मध्ये होता, हे खरं. पण त्या क्षणी मला शब्द आठवला असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल.

"नव्हतं, मामा," मी ट्रेकडे बघतच म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अप्पा पण असंच बोलले होते. खाली बघून."

अप्पा खोटं बोलले ते तिच्यासाठी आणि या माणसासाठी. वहिनी गप्प राहिली ती याच्यासाठी. मी खोटं बोललो ते कोणासाठीच नव्हतं, समोरचा चेहरा मला बघवत नव्हता आणि त्यानं लवकर उठून जावं एवढंच मला हवं होतं. ते उठले नाहीत. वहिनीच्या पाटावर ते, ओव्हनला टेकून मी, असे आम्ही बसून राहिलो. बाहेर शाळेला निघालेल्या मुलांचा आवाज आला आणि गेला, दादानं आतून दोनदा हाक मारली. ट्रे केव्हाच गार झाला होता. कापायला दोघांपैकी कोणीही उठलं नाही.